गुडघेदुखी असलेल्या आईबरोबर आमाल्फीचा किनारा : तयारी, व्हिसा, खर्च

इटलीत नेपल्सच्या दक्षिणेला, सालेर्नोच्या आखाताच्या उत्तर अंगाला डोंगर थेट समुद्रात उतरतात. त्या कड्यावर व्हिएत्री, चेतारा, मिनोरी, आत्रानी, आमाल्फी, पोझितानो अशी गावं बसली आहेत. हाच आमाल्फीचा किनारा, १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मी आणि माझी आई, दोघीच, तिथे जाऊन आलो. आई एकोणसत्तर वर्षांची आहे आणि दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर ती आरामात तासभर चालते, पण एका दमात वीसेक पायऱ्यांच्या वर चढवत नाही. तयारी करताना मला जी माहिती मिळत गेली ती बहुतेक सगळी धडधाकट तरुण जोडप्यांसाठी होती. आईवडिलांना घेऊन जायचं म्हटलं की नेमकं काय बघायचं, हे कुठे एकत्र सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

स्वप्न आईचंच. रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने आयुष्यभर भूगोल शिकवला. भूमध्य सागरी हवामान म्हणजे कोरडा उन्हाळा, हिवाळ्यात पाऊस, लिंबू, द्राक्षं आणि ऑलिव्ह, हे तिने किती वर्गांकडून पाठ करून घेतलं असेल याची गणती नाही. जानेवारीत बोलता बोलता ती म्हणाली, "तो समुद्र एकदा बघायचा होता गं." मी त्याच रात्री कॅलेंडर काढून बसले.

तारखा ठरवायलाच आठवडा गेला. मे महिन्यात मला रजा नव्हती. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे ऊन आणि गर्दी दोन्ही सोसवत नाही. सप्टेंबरात आधी गणपती, मग पितृपक्ष, आणि बाबांच्या तिथीला आई घराबाहेर राहणार नाही हे मला विचारायचीही गरज नव्हती. त्यानंतर नवरात्र. उरला दसरा ते वसुबारस एवढा काळ. २ ऑक्टोबरला दसरा होता, म्हणून ५ ते ११ ऑक्टोबर नक्की केलं. किनाऱ्यावरच्या प्रवासी बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर अखेर चालतात, त्यामुळे तेही जमत होतं. ऑक्टोबरात एखादा दिवस समुद्र खवळलेला निघतो. तो दिवस गृहीत धरूनच आराखडा करा, हे आत्ताच सांगून ठेवते.

मग मुक्काम. सगळी सहल या एका निर्णयावर उभी असते असं माझं ठाम मत झालं आहे. नकाशावर पोझितानो आणि आमाल्फी यांच्यात बोटभर अंतर दिसतं, पण या किनाऱ्यावर किलोमीटर बघून काहीच कळत नाही. पायऱ्या आणि उंची बघावी लागते. "समुद्राचा देखावा" असं लिहिलेली पोझितानोतली खोली म्हणजे बहुधा रस्त्यापासून शे-दीडशे पायऱ्या. आमाल्फीचा मुख्य चौक सपाट आहे, पण परवडणारी घरं वर, गल्लीबोळातल्या जिन्यांवर. मी वहीत दोन रकाने केले, एकात भाडं आणि दुसऱ्यात पायऱ्या. बरीच घरं दुसऱ्या रकान्यातच बाद झाली.

शेवटी सालेर्नो निवडलं. पर्यटक या शहराला सहसा वळसा घालून जातात, पण आमच्यासाठी ते अगदी नेमकं होतं. समुद्राकाठचा भाग सपाट, रोमहून थेट वेगवान रेल्वे, आणि रेल्वे स्टेशनपासून बोटीचा धक्का पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. आमाल्फीला बोटीने पस्तीसेक मिनिटं लागतात, पोझितानोला तास-सव्वा तास. वर भाडं पोझितानोच्या निम्म्याच्या आत. स्टेशनजवळ एका जुन्या इमारतीत स्वयंपाकघर असलेलं घर रात्रीला ९५ युरोंना मिळालं. पैसे भरण्याआधी मालकिणीला तीन प्रश्न विचारले. रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? लिफ्ट कितव्या मजल्यापर्यंत जाते? न्हाणीघरात उंबरठा किंवा टब आहे का? नुसतं "लिफ्ट आहे का" विचारून भागत नाही, कारण तिथल्या जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत पोचायलाच अर्धा जिना चढावा लागतो. आमच्याकडे पाच पायऱ्या निघाल्या. आई म्हणाली, "पाच म्हणजे आपल्या देवळाएवढ्या."

विमानाची तिकिटं एप्रिलमध्ये काढली, मुंबई-दुबई-रोम, जाऊन-येऊन माणशी ६२ हजार. तारीख बदलता येईल असं तिकीट घेतल्याने थोडे पैसे जास्त गेले, पण व्हिसा हातात नसताना तो दिलासा हवाच होता. तिकीट काढतानाच आईसाठी व्हीलचेअरची नोंद केली. तिला आधी ते अपमानास्पद वाटत होतं. दुबईच्या विमानतळावरची अंतरं बघितल्यावर तिने स्वतःच खुर्चीत बसून पर्स मांडीवर घेतली.

आता व्हिसा. इटलीला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. नियम असा की प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. मी जूनपासून अर्ज केंद्राच्या भेटीची वेळ शोधत होते. उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत एकही रिकामी दिसेना. वेळ मिळवून देतो म्हणून वर पैसे मागणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. मी रोज सकाळी चहा गाळायच्या आधी एकदा आणि रात्री झोपताना एकदा संकेतस्थळ उघडत राहिले, आणि एका सकाळी २२ जुलैच्या दोन वेळा एकदम दिसल्या. पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारखा कागदावर लिहून शेजारीच ठेवल्या होत्या, म्हणून पटकन भरता आल्या.

कागदपत्रांची फाइल दोघींची वेगळी. भरलेला अर्ज, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीनंतर किमान तीन महिने वैध असलेला पासपोर्ट, विमानाचं आणि राहण्याचं आरक्षण, दिवसवार आराखडा, बँकेचे शिक्क्यासह खातेउतारे, आयकर विवरणपत्रं, आणि किमान ३० हजार युरोंपर्यंत वैद्यकीय खर्च व मायदेशी परत आणण्याचा खर्च देणारा विमा. माझ्यासाठी कंपनीचं रजेचं आणि ना-हरकत पत्र, पगाराच्या पावत्या. आईसाठी निवृत्तिवेतनाचा आदेश आणि पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचा उतारा. तिचा खर्च मी करणार, म्हणून माझं तसं पत्र आणि नात्याचा पुरावा. लग्नानंतर माझं नाव-आडनाव दोन्ही बदललेलं, त्यामुळे जन्मदाखला आणि विवाह नोंदणी दाखला दोन्ही जोडले, म्हणजे साखळी पूर्ण झाली.

अडलं ते आईच्या नावावर. पासपोर्टवर तिचं पूर्ण नाव, तर बँकेत नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. चाळीस वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. रत्नागिरीच्या शाखेतून "ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं लेटरहेडवर पत्र आणवलं आणि ते उताऱ्याच्या वरच लावलं. असं पत्र मिळायला शाखेत खेपा घालाव्या लागतात, म्हणून आईवडिलांच्या पासबुकावरचं नाव आणि पासपोर्ट सगळ्यात आधी जुळवून बघा.

२२ जुलैला धो धो पाऊस. कागद प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून आम्ही ठाण्याहून पहाटेच निघालो. आत गेल्यावर तपासणी वीस मिनिटांत झाली, पण बोटांच्या ठशांना वेळ लागला. जन्मभर खडू आणि भांडी यांत झिजलेली आईची बोटं यंत्राला दिसेनात. हिरवा दिवा लागायचा, विझायचा. काउंटरवरच्या मुलीने ओला रुमाल दिला, एकेक बोट पुसून, दाबून, पुन्हा ठेवून घेतलं. "आजी, घाई नाही," असं ती मराठीत म्हणाली आणि आईचा चेहराच बदलला. घरी वयस्कर माणूस असेल तर आठवडाभर आधीपासून रात्री बोटांना तेल किंवा व्हॅसलीन लावा, ठसे बरे उमटतात. हे ठसे ५९ महिने नोंदीत राहतात, त्या काळात पुन्हा अर्ज केला तर सहसा द्यावे लागत नाहीत.

जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाची फी प्रौढांना ९० युरो आहे. केंद्राचा सेवाआकार वगैरे धरून माणशी सुमारे बारा हजार रुपये गेले. नकार आला तर हे पैसे परत मिळत नाहीत.

मग वाट बघणं. श्रावण लागला, आईचे उपास सुरू झाले, आणि दर दोन दिवसांनी फोन, "आलं का गं काही?" मला रात्री झोप लागत नसे. आपण सगळे कागद खरे दिलेत, तरी कुणीतरी आपल्याला न बघता आपल्याबद्दल ठरवतंय, ही भावना फार अस्वस्थ करते. ११ ऑगस्टला पासपोर्ट घरी आले. पाकीट उघडताना हात थरथरत होते. दोघींनाही व्हिसा, प्रवासाच्या तारखांना पुरेल एवढा. स्टिकरवरचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा तिथल्या तिथे तपासून घ्या.

सप्टेंबरात रेल्वेची तिकिटं काढली. इटलीतल्या वेगवान गाड्यांचे दर विमानासारखे चढतात, लवकर काढली तर निम्म्यात मिळतात. रोम-सालेर्नो माणशी तीस युरोंच्या आसपास पडलं, वेळ साधारण दोन तास. प्रादेशिक गाड्यांची घाई करायची गरज नाही, त्यांचे दर ठरलेले असतात. निघायच्या दोनच दिवस आधी, ३ ऑक्टोबरला, इटलीत देशव्यापी संप झाला आणि माझ्या पोटात गोळा आला. आमच्या तारखेला गाड्या सुरळीत होत्या. तिथे संप सहसा आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडतात. आराखड्यात ही नोंद ठेवा.

रविवारी दुपारी रोमला उतरलो. विमानतळावरून मुख्य स्टेशनला जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस १४ युरो, ३२ मिनिटं. रोम तेर्मिनी स्टेशन अफाट आहे. तिथे "साला ब्लू" नावाची मोफत मदत-सेवा असते, चालायला त्रास असलेल्या प्रवाशाला फलाटापर्यंत नेऊन डब्यात बसवून देतात. आधी नोंदवावी लागते, मी भारतातूनच नोंदवली होती. संध्याकाळी सालेर्नोला पोचलो तेव्हा घराची मालकीण खाली उभी होती. मुक्कामाचा पालिका कर तिने रोख मागितला, तशी तिथे पद्धतच आहे, सुट्टे युरो जवळ ठेवा.

दुसरा दिवस, ६ ऑक्टोबर, मुद्दाम रिकामा ठेवला होता. त्या दिवशी कोजागिरी होती. आईने मसाला दुधाची पुडी रत्नागिरीहून बांधूनच आणली होती. दिवसा किनाऱ्यावरच्या माडांसारख्या झाडांखाली फिरलो, दुकानातून दूध आणलं, ते घरी आटवलं आणि रात्री थर्मासमध्ये घालून समुद्राकाठच्या बाकावर नेलं. चंद्र वर आला, आखातावर लांब पट्टा पडला. आईने आधी चंद्राला दूध दाखवलं, मग माझ्या हातात पेला दिला. बाजूच्या बाकावरच्या आजीबाईंनी टक लावून बघितलं, तेव्हा त्यांनाही दिलं. त्यांनी वेलचीचा वास घेतला आणि सगळं संपवलं.

७ तारखेला बोटीने आमाल्फी. तिकीट माणशी दहा युरोंच्या आसपास. वरच्या डेकवर जायला उभी शिडी असते, आई खालीच खिडकीशी बसली, तिथूनही सगळं दिसतं. आमाल्फी एकेकाळी स्वतंत्र सागरी प्रजासत्ताक होतं, त्याच्या जहाजांचा भूमध्य समुद्रभर व्यापार चाले. चौकातल्या कॅथेड्रलला ६२ पायऱ्या आहेत. मी वर जाऊन आले, आई खाली कारंज्याशी बसून लोक बघत राहिली. मुख्य रस्ता हलक्या चढाने वर जातो, तिथे जुन्या गिरणीत कागदाचं संग्रहालय आहे. आईने लाकडी चौकट लगद्यात बुडवली, तिरकी करून पाणी निथळू दिलं आणि स्वतःच्या हाताने कागद उचलला.

आत्रानीला जाण्यासाठी मात्र रस्त्याने जाऊ नका, कडेला चालायला जागा नाही. पार्किंगच्या बोगद्याला लागून पादचाऱ्यांसाठी सपाट वाट आहे, दहा मिनिटांत पलीकडे निघतो. क्षेत्रफळाने इटलीतली ही सगळ्यात लहान नगरपालिका, ०.१२ चौरस किलोमीटर. छोटी पुळण, चौक, वर घरांवर घरं. आई चप्पल काढून पाण्यात उभी राहिली आणि मागे वळून डोंगराकडे बघत म्हणाली, "हे बघ, लिंबाच्या बागा. दगडी बांधांमुळे या पायऱ्या टिकल्यात." दगडी बांध घालून केलेल्या त्या पट्ट्या, चेस्टनटच्या खांबांचे मांडव, त्यावर जाळ्या, आणि खाली लांबट, टोकदार लिंबं. वर्गात शिकवावं तसं तिने मला सगळं समजावलं.

बुधवारी समुद्र खवळला, बोटी बंद. त्याच दिवसासाठी राखून ठेवलेलं पेस्तुम कामी आलं. सालेर्नोहून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर, स्टेशनपासून थोडं चालून, आणि सगळं सपाट. इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकातली तीन ग्रीक मंदिरं मोकळ्या गवतात उभी आहेत. गर्दी नाही, धक्काबुक्की नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी पॉम्पेईपेक्षा (ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर) पेस्तुम कितीतरी सोयीचं. पॉम्पेई करायचंच असेल तर पियात्सा आम्फितेआत्रोच्या दाराने जा, तिथून साडेतीनेक किलोमीटरचा बिनपायऱ्यांचा मार्ग आखलेला आहे. नोव्हेंबर २०२४ पासून तिथे दिवसाला २० हजार लोकांनाच प्रवेश आणि तिकिटावर नाव, म्हणून आधी आरक्षण करा.

९ तारखेला रावेल्लो. आमाल्फीपर्यंत बोट, पुढे सीता कंपनीची बस. तिकीट बसमध्ये मिळेल म्हणून थांबू नका, तंबाखूच्या दुकानात घ्या आणि चढल्यावर यंत्रात छापून घ्या. आमाल्फीला बस सुटायच्या अर्धा तास आधी रांगेत उभं राहिलात तरच बसायला जागा मिळते. रावेल्लो समुद्रापासून साडेतीनशे मीटर उंच, पण चौक सपाट आणि व्हिला रुफोलोची बाग चौकालाच लागून. बागेतून खाली दोन घुमट आणि त्यापलीकडे नुसता निळा समुद्र. आई तिथे बराच वेळ काही बोलली नाही. व्हिला चिंब्रोनेची वाट चढणीची आहे, ती सोडून दिली.

परतताना मुद्दाम बोटीऐवजी सालेर्नोपर्यंत बस घेतली, कारण तो रस्ता आईला बघायचा होता. आमाल्फीहून सालेर्नोकडे येताना उजवीकडे बसा, समुद्र त्या बाजूला असतो. चेताराच्या अलीकडे एका वळणावर समोरून दुसरी बस आली. दोन्ही ड्रायव्हर थांबले, एकाने काच खाली केली, हात बाहेर काढून आरसा आत मुडपला, आणि दोन बस वीतभर अंतराने एकमेकींना घासून गेल्यासारख्या गेल्या. डोंगराला दरडीसाठी लावलेल्या लोखंडी जाळ्या बघून आईला कोकण रेल्वे आठवली. वळणांचा त्रास होतो, उपाशीपोटी बसू नका, आवळासुपारी जवळ असू द्या. स्वतः गाडी चालवायच्या भानगडीत तर पडूच नये. रस्ता अरुंद, पार्किंग महाग, आणि हंगामात काही दिवस सम-विषम क्रमांकाचा नियमही लागतो.

शुक्रवारी पोझितानो बघितलं. धक्क्यावरून किनाऱ्यापर्यंत सपाट आहे, तिथे बसून वर चढत गेलेलं गाव बघायचं आणि संध्याकाळच्या बोटीने परत. एवढ्यात समाधान मानलं तर दिवस सुंदर जातो.

खाण्याबद्दल खूपजणी विचारतात. आई शाकाहारी, अंडंही नाही. मी इटालियन भाषेत चिठ्ठी लिहून घेतली होती, ती वेटरला दाखवायचे. मारिनारा पिझ्झा म्हणजे टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो, त्यात मासा नसतो. वांग्याची पार्मिजाना (टोमॅटो-चीज घालून भाजलेले थर) आणि बटाट्याचे न्योक्की (उकडलेले छोटे गोळे) आईला आवडले, पण न्योक्कीत अंडं घातलंय का ते विचारा. चेतारा अँकोव्ही माशाच्या रसासाठी प्रसिद्ध आहे आणि तो पास्त्यात, पालेभाजीत न दिसता असतो, म्हणून तिथे विशेष काळजी घ्या. काही चीजमध्ये दूध साकळवायला प्राण्यांपासून काढलेलं रेनेट वापरतात, हे कडक शाकाहारी लोकांना माहीत असलेलं बरं. रात्री घरी मुगाची खिचडी. प्रेशर कुकर नव्हता, पातेल्यात झाली.

दोघींचा मिळून सगळा खर्च २ लाख ८५ हजारांच्या आसपास झाला. विमान १ लाख २४ हजार, व्हिसा २४ हजार, विमा साडेपाच हजार (त्यातला मोठा वाटा आईच्या वयामुळे), घर ५९ हजार, आणि उरलेल्यात रेल्वे, बोटी, बस, तिकिटं, जेवण. फॉरेक्स कार्ड बहुतेक ठिकाणी चाललं, बसची तिकिटं आणि पालिका कर यांना रोख लागली.

आम्ही ११ तारखेला निघालो आणि १२ ऑक्टोबरपासून शेंगेन सीमांवर नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आता पासपोर्टवर शिक्क्याऐवजी सीमेवरच चेहरा नोंदवतात, आणि व्हिसासाठी दिलेले बोटांचे ठसे पडताळून बघू शकतात. वयस्कर माणूस बरोबर असेल तर रोमच्या पुढची रेल्वे विमानातून उतरल्यापासून किमान चार तासांनंतरची घ्या, आणि बोटांना लावायच्या तेलाची छोटी बाटली निघायच्या आठवड्यातही उशाशी असू द्या.